उत्तर काढू नका, उत्तर निघेल का ते सांगा

"मामा, उत्तर बरोबर आहे ना?"

बरोबर होतं. मिसळ २, चहा ४. लग्नपत्रिकेच्या जाड लिफाफ्यामागे दोन समीकरणं नीट मांडून, एकातून दुसरं वजा करून, उत्तराखाली दोन रेघा मारून भाचीने तो माझ्यापुढे सरकवला होता. शाळेत एवढ्यावर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. जीमॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेत शून्य.

प्रश्न मीच रचून दिला होता. तो असा:

काही मित्रांनी हॉटेलात फक्त मिसळ आणि चहा मागवला. मिसळ ८० रुपये, चहा १५ रुपये. मिसळीच्या प्लेटी किती मागवल्या?
विधान १: एकूण बिल २२० रुपये झालं.
विधान २: मिसळीच्या प्लेटी आणि चहाचे कप मिळून ६ होते.

भाची हिंजवडीत कोडिंग करते, गणितात कच्ची अजिबात नाही. चुकली ती त्यामुळेच. दोन अज्ञातं दिसली, दोन विधानं दिसली, हात आपोआप चालला. परीक्षा मात्र विचारत होती की प्लेटी किती हे ठरवायला यातली कोणती माहिती पुरते. आणि पहिल्या विधानावरच काम भागत होतं. दुसरं तिथे नुसतं भुलवायला बसलं होतं.

या प्रकाराला डेटा सफिशियन्सी म्हणतात. माहिती पुरेशी आहे की नाही, एवढंच ठरवायचं. मुलं 'डीएस' म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन.

डीएस गेलं नाही, घर बदललंय

जीमॅट ही मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा. अमेरिकेतली जीमॅक ही संस्था ती घेते आणि परीक्षेची मुळं १९५४ पर्यंत मागे जातात. आपल्याकडची मुलं ती परदेशातल्या एमबीएसाठी देतात, आयएसबी या इथल्या बिझनेस स्कूलसाठी देतात, आयआयएमच्या नोकरी करून आलेल्यांसाठीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांसाठीही देतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचं रूप बदललं. निबंध गेला, गणिताच्या विभागातून भूमिती गेली, आणि प्रत्येकी ४५ मिनिटांचे तीन विभाग उरले. गणिताच्या विभागातून डीएसही हललं. त्यावरून "डीएस काढून टाकलं" अशी आवई उठली आणि अजून कुठे कुठे ती ऐकू येते. डीएस आहे. ते आता 'डेटा इनसाइट्स' या विभागात बसतं, तक्ते-आलेख वाचण्याच्या प्रश्नांच्या शेजारी. या विभागात ४५ मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सव्वादोन मिनिटं. गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतात आणि त्यात तिन्ही विभागांचं वजन सारखं असतं. त्यामुळे डीएस सोडून देऊन चालत नाही.

गंमत म्हणजे या विभागात स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, गणिताच्या विभागात मिळत नाही. आणि डीएसच्या प्रश्नात त्याला फारसं कामच नसतं. कॅल्क्युलेटर उघडायची इच्छा झाली तर आपण बहुधा नको ते करायला निघालोय असं समजावं.

शिंप्याचं शहाणपण

ब्लाउज शिवायला टाकताना शिंपी मापं वहीत उतरवतो आणि वही मिटायच्या आधी म्हणतो, "ताई, बाहीचं माप राहिलं." त्याने कापड कापलेलं नसतं, सुईत दोराही ओवलेला नसतो. शिवून बघितल्याशिवायच त्याला कळतं की एवढ्या मापांवर हे होणार नाही. उलट कुणी सतरा मापं सांगायला लागलं तर तो म्हणतो, "बास, जुना ब्लाउज दिलात ना, एवढं पुरे."

डीएसमध्ये हेच करायचं. एक प्रश्न, त्याखाली दोन विधानं, आणि पाच पर्याय. हे पाच पर्याय प्रत्येक प्रश्नाला तेच आणि त्याच क्रमाने असतात, म्हणून एकदा पाठ केले की संपलं:

ए: पहिलं विधान एकटं पुरतं, दुसरं एकटं पुरत नाही.
बी: दुसरं एकटं पुरतं, पहिलं एकटं पुरत नाही.
सी: एकेकटं कुठलंच पुरत नाही, दोन्ही मिळून पुरतं.
डी: दोन्हीपैकी कुठलंही एकटं पुरतं.
ई: दोन्ही मिळूनही पुरत नाही.

'पुरतं' म्हणजे काय, तर प्रश्नाला एक आणि एकच उत्तर मिळतं. दोन उत्तरं शक्य असतील तर ती माहिती अपुरी, मग ती दोन उत्तरं एकमेकांच्या कितीही जवळची असोत.

पहिलं विधान तपासलं की निम्मं काम झालेलं असतं. ते पुरलं, तर उत्तर ए किंवा डी. नाही पुरलं, तर बी, सी किंवा ई. क्लासमध्ये हे 'एडी-बीसीई' म्हणून घोकून घेतात आणि हे घोकण्यासारखंच आहे. दुसरं विधान डोक्यावरून गेलं तरी अंदाज पाचातून न मारता दोनातून किंवा तिनातून मारता येतो.

दोन अज्ञातं आणि एकच समीकरण, तरी पुरतं?

भाचीचा पहिला आक्षेप हाच. "दोन अज्ञातांना दोन समीकरणं लागतात, शाळेपासून शिकवलंय."

शिकवलंय ते खरं, पण मिसळ अर्धी मागवता येत नाही. प्लेटींची संख्या पूर्णांकच असणार आणि ऋण असणार नाही. ही माहिती प्रश्नात लिहिलेली नसते, वस्तूच ती सांगते. आता २२० चं बिल घ्या. एकही मिसळ नसेल तर २२० रुपये फक्त चहाचे, पण २२० ला १५ ने भाग जात नाही. एक मिसळ असेल तर उरले १४०, त्यालाही नाही. दोन असतील तर उरले ६०, चार चहा, जमलं. तीन मिसळींचे २४० होतात, बिलाच्या बाहेर. म्हणजे मिसळ दोनच. पहिलं विधान एकटं पुरलं. दुसरं एकटं अर्थातच पुरत नाही, सहात कितीही मिसळ असू शकतात. उत्तर ए.

आता बिल ४६० करून बघा. पाच मिसळ आणि चार चहा, ४०० आणि ६०, जमतं. दोन मिसळ आणि वीस चहासुद्धा जमतात, १६० आणि ३००. वीस चहा कोण पितं असं मनात येईल, पण परीक्षेला त्याच्याशी देणंघेणं नाही. दोन उत्तरं निघाली, विधान अपुरं. हॉटेल तेच, मेन्यू तोच, फक्त बिलाचा आकडा बदलला आणि निकाल फिरला. म्हणून "पूर्णांक असला की एक समीकरण पुरतं" असा नवा नियमही पाठ करू नका. दर वेळी ही दोन-चार ओळींची चाचपणी करावीच लागते.

उलट बाजूचा सापळाही आहे. कांद्याचा किलोचा भाव किती?
विधान १: २ किलो कांदे आणि १ किलो बटाटे मिळून ९० रुपये.
विधान २: ४ किलो कांदे आणि २ किलो बटाटे मिळून १८० रुपये.

दोन समीकरणं दिसतात, पण भाजीवाल्याने तीच गोष्ट दुप्पट करून सांगितली आहे. नवं काहीच कळलं नाही. उत्तर ई. इथे किंवा मिसळीच्या प्रश्नात घाईने सी मारणारे इतके असतात की या फसगतीला जीमॅटवाल्यांमध्ये नावच पडलंय, सी-ट्रॅप. दोन विधानं जोडली की उत्तर मिळतं असं वाटून सुटकेचा निःश्वास टाकतात, तिथेच पाय अडकतो.

प्रश्नाला नेमकं काय हवंय?

आणखी एक छोटा नमुना. एक किलो तूरडाळ आणि एक किलो तांदूळ मिळून किती रुपये?
विधान १: ३ किलो डाळ आणि ३ किलो तांदूळ मिळून ६३० रुपये.
विधान २: डाळ तांदळापेक्षा किलोमागे ९० रुपयांनी महाग आहे.

दहापैकी सातजण (हा माझा अंदाज, पाहणी नव्हे) आधी डाळीचा भाव शोधायला लागतात. तो दोन्ही विधानं जोडून निघतोही: डाळ १५०, तांदूळ ६०. पण डाळीचा भाव विचारलाय कुणी? विचारली आहे बेरीज. ६३० भागिले ३, झालं. उत्तर ए.

शेकडेवारी आणि गुणोत्तराच्या प्रश्नांत हे फार होतं. वर्गात मुली शेकडा किती, असं विचारलं आणि मुली-मुलांचं प्रमाण ३:२ दिलं, की काम झालं: ६० टक्के. वर्गात एकूण पोरं किती ते कळायला हवं, असं मन म्हणत राहतं. ते मनाचं म्हणणं, प्रश्नाचं नव्हे. म्हणून विधानांकडे वळायच्या आधी प्रश्न स्वतःच्या शब्दांत एकदा लिहून काढावा. सव्वादोन मिनिटांतली पंधरा सेकंदं यावर घालवलेली परवडतात.

दोन साक्षीदार, दोन खोल्या

सगळ्यात अवघड गोष्ट गणिताची नाही. ती आहे वाचलेलं विसरण्याची.

पहिलं विधान वाचून झालं की ते डोक्यात मुरतं. दुसरं वाचताना पहिल्यातली माहिती नकळत त्यात मिसळते आणि आपल्याला वाटतं की दुसरं एकटंच पुरलं. पोलीस दोन साक्षीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून जबाब घेतात तसं करावं. दुसऱ्याचा जबाब घेताना पहिला काय म्हणाला ते टेबलावर ठेवायचं नाही. दोघांचे स्वतंत्र जबाब अपुरे पडले, तरच दोघांना समोरासमोर आणायचं.

मी मुलांना दुसऱ्या विधानाच्या वेळी पहिलं विधान तळहाताने झाकायला सांगतो. परीक्षेत स्क्रीनवर हात ठेवून बसलेलं कुणी बघितलं तर हसेल, हसू दे. तेही नको असेल तर जे विधान सोपं दिसतं ते आधी तपासावं. दुसऱ्यापासून सुरुवात करायला कुणाची बंदी नाही, फक्त मग एडी-बीसीईच्या जागी बीडी-एसीई असं गणित मांडायचं.

आणि हे दोन साक्षीदार प्रामाणिक आहेत. जीमॅटमध्ये दोन्ही विधानं खरी असतात, एकमेकांना कधीच खोटं पाडत नाहीत. पहिल्यावरून तुमचं उत्तर ३ आलं आणि दुसऱ्यावरून ५ आलं, तर प्रश्नात घोळ नाही, तुमच्या आकडेमोडीत आहे. परीक्षेने फुकटात दिलेला हा ताळा आहे. तो वापरणारे फार थोडे.

'नाही' हेही उत्तरच

काही प्रश्नांना संख्या उत्तर म्हणून नको असते, हो किंवा नाही एवढंच हवं असतं. तिथे भलतीच पडझड होते.

क्ष ही संख्या धन आहे का?
विधान १: क्ष² = ९
विधान २: क्ष³ = −२७

पहिल्यावरून क्ष ३ असेल किंवा −३. कधी हो, कधी नाही. अपुरं. दुसऱ्यावरून क्ष फक्त −३. म्हणजे धन नाही. प्रश्नाचं उत्तर आलं: नाही. पक्कं, एकच. माहिती पुरेशी. पर्याय बी.

इथे भाचीने 'नाही' आलं म्हणून विधानावर फुली मारली होती. मी तिला विचारलं, "दुकानात साखर आहे का असं विचारलं आणि दुकानदार 'नाही' म्हणाला, तर तुला उत्तर मिळालं की नाही?" मिळालं. उत्तर मिळालं नाही कधी म्हणायचं, तर तो "बघतो, बहुतेक असेल" म्हणाला तर. प्रश्नाचं उत्तर 'नाही' असणं वेगळं, विधान पुरेसं नसणं वेगळं. कागदावर दोन्हींसाठी एकच फुली वापरली की गोंधळ ठरलेला. पुरेसं असेल तर 'पु', नसेल तर 'अ' असं लिहायची सवय लावा, फुली-टिक नको.

मग गणित कशाला शिकायचं?

"उत्तर काढायचंच नाही म्हटल्यावर ही परीक्षा सोपीच झाली की!" असं वाटणारे पहिल्या सराव चाचणीपर्यंतच तसे वाटून घेतात.

उत्तर काढायचं नाही याचा अर्थ, उत्तर एकच आहे याची खात्री पटली की थांबायचं. ती खात्री पटायला गणित लागतंच, कधी कधी नेहमीपेक्षा जास्त. क्ष² − ५क्ष + ६ = ० दिसलं तर क्ष २ किंवा ३, दोन उत्तरं, अपुरं. त्यावरून "वर्गसमीकरण म्हणजे अपुरं" असा ठोकताळा बांधला, की पुढच्याच प्रश्नात क्ष² − ६क्ष + ९ = ० येतं. त्याचं उत्तर एकच, ३. पुरेसं. आणि समजा खोलीची लांबी रुंदीपेक्षा २ मीटरने जास्त असून क्षेत्रफळ १५ चौरस मीटर असेल, तर रुंदी ३ निघते किंवा −५. उणे पाच मीटर रुंद खोली पुण्यातल्या बिल्डरलाही बांधता यायची नाही. म्हणजे तेही पुरेसं. अवयव पाडता आले नाहीत तर यातलं काहीच दिसणार नाही.

पण २४७ गुणिले ३८९ करत बसायची गरज कधीच नाही. कुठे थांबायचं ते कळणं, ही खरी मेख. माझ्या मते सबंध जीमॅटमधला सगळ्यात प्रामाणिक प्रश्नप्रकार हाच, कारण नोकरीत आपण रोज हेच करतो: अजून एक अहवाल मागवायचा, की आहे त्यावर निर्णय घ्यायचा. दुसरा अहवाल मागवला की काम केल्यासारखं वाटतं, म्हणून आपण तो मागवतो. भाचीने दुसरं विधान वापरलं ते त्याच ओढीने.

आकडे घालून बघणं चालतं का?

चालतं, पण आकडे कशासाठी घालायचे ते ठरवून. आपण सहसा विधान पटवून घ्यायला आकडे घालतो. डीएसमध्ये ते पाडायला घालायचे. एक आकडा असा शोधायचा की उत्तर 'हो' येईल, दुसरा असा की 'नाही' येईल. दोन्ही सापडले की विधान अपुरं, विषय संपला.

क्ष² हा क्ष पेक्षा मोठा आहे का?
विधान १: क्ष > ०
विधान २: क्ष < १

पहिलं. क्ष = २ घेतला तर वर्ग ४, हो. इथेच थांबणारे पुष्कळ, कारण वर्ग केला की संख्या वाढते हे लहानपणापासून डोक्यात बसलंय. क्ष = १/२ घ्या. वर्ग १/४, लहान झाला. नाही. अपुरं.

दुसरं, पहिलं झाकून. क्ष = १/२, नाही. क्ष = −१, वर्ग १, तो −१ पेक्षा मोठा, हो. अपुरं.

आता दोन्ही मिळून: क्ष शून्य आणि एकच्या मध्ये. अर्ध्याचा अर्धा पाव. तीन चतुर्थांशाचा वर्ग नऊ सोळांश, तोही लहान. एकपेक्षा लहान धन संख्येने गुणलं की संख्या घटतेच, म्हणून कुठलाही आकडा घ्या, उत्तर 'नाही'च. पक्कं 'नाही', म्हणजे पुरेसं. पर्याय सी.

या एका प्रश्नात तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत, म्हणून तो मी सगळ्यांना सोडवायला लावतो. 'नाही' असूनही पुरेसं. २, ३, ४ असे गुणी आकडे घालून उपयोग नाही. शून्य, एक, अपूर्णांक आणि ऋण संख्या घालून बघाव्यात, सगळा उपद्व्याप तिथे असतो. आणि सी दिसला की घाबरायचं असंही नाही. काही क्लासवाले "सी म्हणजे सापळा" असं इतकं बिंबवतात की मुलं खरा सी आला तरी ई मारून येतात.

शेवटच्या पायरीवर मी दोन आकड्यांवर थांबलो नाही, कारण सांगितलं, हेही बघा. विधान पाडायला दोन आकडे बास होतात. ते पुरेसं आहे म्हणायला कितीही आकडे घातले तरी कमीच, तिथे तर्क लागतो.

जे सांगितलंच नाही ते

न ही संख्या सम आहे का? विधान: ३न ही सम संख्या आहे.

भाची म्हणाली, पुरेसं. तीन विषम, गुणाकार सम, म्हणजे न समच. मी विचारलं, न पूर्णांक आहे असं कुणी सांगितलं? न = २/३ घेतला तर ३न = २, सम. आणि २/३ काही सम संख्या नाही. ती दोन मिनिटं माझ्याशी बोलली नाही.

मिसळीच्या प्रश्नात पूर्णांक न सांगताही धरायचा होता, इथे न सांगितल्यामुळे धरायचा नाही. हा अन्याय वाटतो, पण रीत सरळ आहे. प्लेट, माणूस, तिकीट अशी मोजायची वस्तू असेल तर ती तुटत नाही. नुसतं अक्षर असेल तर ते काहीही असू शकतं: अपूर्णांक, ऋण, शून्य.

गणित नसलेलं डीएस

नव्या रूपात काही प्रश्न गणिताचे नसतातच. समजा एका सोसायटीचा नियम आहे की हजर सभासदांपैकी किमान दोन तृतीयांश मतं मिळाली तरच ठराव मंजूर. ठराव मंजूर झाला का? विधान १: बाजूने ४० मतं पडली. विधान २: सभेला ५४ सभासद हजर होते. एकेकटं काहीच कळत नाही. दोन्ही मिळून: ५४ चे दोन तृतीयांश ३६, मतं ४०, मंजूर. पर्याय सी. इथे आकडे आहेत, पण कस नियम वाचण्याचा आहे. रीत तीच, फक्त गृहीत धरण्याचा मोह जास्त. पहिलं विधान वाचून "आपल्या सोसायटीत चाळीस माणसं आली म्हणजे खूप झालं" असं मनात आलं की गेलात.

जीमॅट द्यायची नाही, मला काय त्याचं?

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, देणाऱ्यांना आहे. त्याच्या अभ्यासक्रमात डेटा सफिशियन्सी नावानिशी छापलेलं आहे, पातळी दहावीची. हा पेपर फक्त पात्रतेपुरता, ३३ टक्के मिळाले की झालं, म्हणून पेठेतल्या अभ्यासिकांत त्याच्याकडे शेवटच्या महिन्यात बघतात आणि दर वर्षी काहीजण तिथेच अडकतात. बँकांच्या अधिकारी भरतीच्या परीक्षांतही हा प्रकार येतो.

विचार करायची रीत तीच, पण पर्याय तेच धरू नका. सीसॅटमध्ये चारच पर्याय असतात आणि त्यांची मांडणी निराळी असते. "एक विधान पुरतं, दुसरं नाही" याचा बहुधा एकच पर्याय असतो, कुठलं पुरतं हे वेगळं विचारत नाहीत. शिवाय चुकीच्या उत्तराला तिथे एक तृतीयांश गुण कापले जातात. जीमॅटचे पर्याय पाठ करून सीसॅटला गेलात आणि न वाचता गोल काळा केलात, तर विचार बरोबर करूनही गुण जातील.

भाचीने लिफाफे सोडून आता एक वही केली आहे. चुकलेला प्रश्न ती पुन्हा सोडवत नाही. एका रकान्यात प्रश्नाचा क्रमांक, शेजारच्या रकान्यात एकच नोंद: मी काय धरून चालले होते? परवा चाळली. 'धन धरला'. 'दोन्ही एकत्र वाचली'. 'पूर्णांक धरला'. 'विचारलं नव्हतं ते काढलं'. 'पूर्णांक'. 'पूर्णांक'. त्याच्यापुढे लाल पेनने, दोन रेघा मारून: 'पूर्णांक!!'